मधुमेहातील मुखशोष आणि अल्पशक्ती लेसर : पुण्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मधुमेहाच्या चर्चेत डोळे, मूत्रपिंडे व पाय यांचा विचार होतो, तोंडाचा क्वचितच. वस्तुतः मुखशोष, म्हणजे तोंडाला पडणारी कोरड, ही या रोगाची फार जुनी खूण होय. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये तोंड, टाळू व घसा कोरडा पडण्याचा उल्लेख आढळतो. १९२२ मध्ये रुग्णांवर इन्सुलिनचा वापर सुरू झाल्यावर त्यांचे आयुष्य वाढले आणि वैद्यकाचे लक्ष रक्तशर्करेवर केंद्रित झाले. मुखशोष मात्र दुय्यम तक्रार ठरला. त्यावरील अल्पशक्ती लेसर उपचाराच्या इतिहासाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मुखशोषाचे स्वरूप

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. अनियंत्रित मधुमेहात वारंवार लघवी होऊन शरीरातील पाणी घटते. दीर्घकाळात लाळग्रंथींच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या व चेतातंतूंनाही इजा पोहोचते. परिणामी कोरडी भाकरी गिळणे कठीण होते, कवळी नीट बसत नाही, दात किडतात आणि बुरशीचा संसर्ग बळावतो.

लेसरच्या दोन परंपरा

थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत पहिला लेसर कार्यान्वित केला. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेतलेले चंद्रकुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला. १०.६ मायक्रोमीटर लांबीच्या त्याच्या लहरी ऊतींमधील पाणी शोषून घेते. म्हणूनच मुखशस्त्रक्रियेत तो मऊ ऊती कापण्यास उपयोगी पडला.

दुसरी परंपरा बुडापेस्टची. तेथील एंद्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास उंदरांच्या केस काढलेल्या त्वचेवर क्षीण लेसर किरण सोडले, तेव्हा तेथे केस अधिक वेगाने उगवल्याचे त्यांना आढळले. येथे किरण कापत वा जाळत नव्हते. तांबडा व अवरक्तालगतचा प्रकाश पेशीतील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या विकराकडून शोषला जातो व ऊर्जानिर्मितीस चालना मिळते, असे स्पष्टीकरण पुढे रशियातील टीना कारू यांनी मांडले.

पुण्यातील मधुमेह संशोधन

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये परिसरातील सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, तरी त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने टिकून होती, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसले. कृश दिसणाऱ्या भारतीयालाही मधुमेह का जडतो, याचा एक धागा येथे मिळाला. भारतीयांना हा रोग तुलनेने कमी वयात गाठतो. साहजिकच तोंडाचे उपद्रव सोसण्याची वर्षेही वाढतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही होते.

उपचाराचे मूल्यमापन

ब्राझीलमधील साओ पाउलो येथील संशोधकांनी मधुमेही उंदरांच्या लाळग्रंथींवर अल्पशक्ती लेसरचे प्रयोग करून त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले. मधुमेही रुग्णांवरील पुरावा मात्र अद्याप तोकडा असून लहरलांबी, मात्रा व बैठकांची संख्या यांबाबत एकवाक्यता नाही. याउलट, कर्करोगाच्या उपचारात तोंड सोलवटण्याच्या विकारावर, ठरावीक रुग्णगटांसाठी, या पद्धतीची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २०१४ मध्ये झाली. तेथे नियंत्रित चाचण्या आधी झाल्या, शिफारस नंतर आली.

निष्कर्ष

मुखशोषाच्या बाबतीतही हाच क्रम पाळला जाणे इष्ट आहे. तोवर रक्तशर्करेचे नियंत्रण, पुरेसे पाणी, फ्लोराइडचा वापर आणि लाळ घटविणाऱ्या औषधांचा फेरविचार हेच प्राथमिक उपाय ठरतात. मधुमेह तपासणारा वैद्य आणि दात तपासणारा दंतवैद्य यांनी एकाच रुग्णाची नोंद एकत्र ठेवली, तर चाचणीसाठी लागणारी सामग्री पुण्यासारख्या शहरात सहज उभी राहू शकेल. चरकसंहितेने नोंदविलेले लक्षण पुन्हा तपासणीच्या कागदावर येणे, ही त्याची पहिली पायरी होय.