गोळीचें माप आणि नळीचें माप

छत्रपती संभाजीनगराजवळ, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेजवळ, देवगिरीचा ऊर्फ दौलताबादचा किल्ला आहे. तेथील मेंढा तोफ पाहण्यास लोक आवर्जून जातात. तिच्या पिछाडीस घडविलेलें मेंढ्याचें मुख पाहून कारागिराचें कौतुक करतात, तिची लांबी पावलांनीं मोजतात आणि पुढें चालूं लागतात. हिच्यांत गोळा केवढा जात असेल, आणि तो नेमका त्याच मापाचा करण्यास काय कसब लागत असेल, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणास सुचतो. वस्तुतः शस्त्रांच्या इतिहासांत या प्रश्नाचें मोल तोफेच्या लांबीहून अधिक आहे.

सोळाव्या शतकांत दक्षिणेंत तोफा आणि तोड्याच्या बंदुका यांचा प्रसार झाला. दौलताबाद ज्या निजामशाहीच्या ताब्यांत होतें, तिच्या राजधानींत, अहमदनगरास, इ. स. १५४९ मध्यें महंमद बिन हुसेन रूमी यानें मुलुख-मैदान ही प्रचंड तोफ ओतली. ती आज विजापुरास आहे. इ. स. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईंत तिच्यांत तांब्याचीं नाणीं भरून बार काढल्याचें सांगतात. एवढ्या मोठ्या तोंडाच्या तोफेस असा प्रकार एकवेळ चालेल. परंतु शिपायाच्या हातांतील बंदुकीस तो चालत नाहीं. तिला तिच्या मापाचीच गोळी लागते.

त्या काळीं बंदुकीची नळी हातानें बने. लोखंडाची पट्टी तापवून दांड्याभोंवतीं गुंडाळावयाची, घणाखालीं तिचा सांधा एकजीव करावयाचा आणि मग आंतून कोरून ती सरळ व गुळगुळीत करावयाची, अशी ही रीत होती. एकाच लोहारानें केलेल्या दोन नळ्यांचें भोंकहि केसभर कमीअधिक व्हावयाचेंच. म्हणून अशा बंदुकीस तिचा स्वतःचा साचा लागे. साच्याचें रूप सांडशीसारखें असतें: दोन पाकळ्या, प्रत्येकींत अर्ध्या गोळीएवढी खळी, आणि वर शिसें ओतण्यास चिंचोळें तोंड.

या साच्यांतून गोळी लहान उतरण्याचीं कारणें मुख्यतः तीन. पहिलें कारण शिशाच्या स्वभावांत आहे. शिसें ३२७ अंश सेल्सियसला वितळतें, आणि घट्ट झाल्यावर पूर्ण निवेपर्यंत त्याचा व्यास जवळजवळ शेंकडा एक इतका घटतो. खळी गोळीच्या नेमक्या मापाची कोरली, तर गोळी त्याहून लहानच निघते. दुसरें कारण ओतणाराच्या हातांत आहे. साचा थंड असला किंवा शिसें पुरतें तापलेलें नसलें, तर खळी भरत नाहीं आणि गोळीवर सुरकुत्या पडतात. तिसरें कारण काळाचें. दारूच्या राखेनें नळी गंजते. गंज काढण्यासाठीं ती पुन्हा कोरली कीं भोंक वाढतें. साचा मात्र पूर्वींचाच राहतो. बापाची बंदूक मुलाच्या हातीं येईपर्यंत नळीचें आणि साच्याचें जमेनासें होतें.

हा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, पण रणांगणावर तो लपत नाहीं. दारू पेटल्यावर जो वायु गोळीस ढकलावयाचा, तो तिच्या बाजूनें निसटून जातो. गोळी नळींत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बाहेर पडते, आणि कोणत्या दिशेस जाईल याचा भरंवसा राहत नाहीं. शिवाय गोळीचें वजन व्यासाच्या घनाप्रमाणें बदलतें: व्यास शेंकडा दहांनीं कमी झाला, तर वजन शेंकडा सत्तावीसांनीं घटतें. डोंगरी किल्ल्याच्या शिपायास तर आणखी एक संकट होतें. शत्रु तटाच्या पायथ्याशीं आला कीं बंदूक खालीं रोखावी लागते. आणि सैल गोळीवर चिंधीचा बोळा नीट ठासलेला नसला, तर ती बार होण्यापूर्वींच नळींतून घरंगळून पडते. इ. स. १६३३ मध्यें महाबतखानानें दौलताबादेस वेढा घातला, तेव्हां मलिक अंबराचा पुत्र फत्तेखान यास अखेर किल्ला सोडावा लागला, तो प्रामुख्यानें उपासमारीमुळें आणि सुरुंगांमुळें. परंतु अशा प्रत्येक वेढ्यांत तटावरील शिपायाचा जीव आपली गोळी नळींत घट्ट बसते कीं नाहीं, यावर अवलंबून असे.

मग लहान गोळी देणाऱ्या साच्याचें काय करावें? दोन पाकळ्यांच्या मध्यें पातळ पत्रा ठेवून साचा किंचित् उघडा राखणें, ही सोपी युक्ति कोणासहि सुचेल. पण अशी गोळी एका अंगानेंच वाढते. ती वाटोळी न राहतां लांबट होते आणि तिच्या कडेस शिशाची पाळ येते. खरा उपाय खळीच मोठी करण्याचा. गोल डोक्याच्या कानशीसारख्या हत्यारानें ती पुन्हा कोरतां येते. फरक केसभराचाच असला, तर ती घासून वाढवितात. त्याच साच्यांत ओतलेल्या गोळींत लोखंडी काडी बसवावयाची, गोळीस तेल व कुरुंदाची बारीक पूड माखावयाची, साचा तिच्यावर मिटावयाचा आणि काडी हळूहळू फिरवावयाची. कुरुंद खळीचें लोखंड झिजवितें. जसजशी झीज होते, तसतशा पाकळ्या अधिक मिटत जातात. थोडें घासलें कीं साचा स्वच्छ धुवून नवी गोळी ओतावयाची आणि ती मोजून पाहावयाची. या कामांत उतावळेपणास जागा नाहीं. काढलेलें लोखंड परत भरतां येत नाहीं; आणि एक पाकळी दुसरीहून अधिक झिजली, तर साचा कायमचा बिघडला.

एका बंदुकीचें हें असें जमलें; पण हजारों बंदुकांच्या फौजेचें काय? प्रत्येक शिपाई आपला साचा बाळगूं लागला, तर एकाची गोळी दुसऱ्याच्या उपयोगीं पडावयाची नाहीं. यावर युरोपांत मापांचा उपाय निघाला. एक पौंड शिशांतून सारख्या किती गोळ्या होतात, त्या संख्येवरून नळीचें माप ठरूं लागलें. बारा बोअरची बंदूक हें नांव त्यांतूनच आलें. महादजी शिंद्यांनीं डी बॉयन याजकडून कवायती कंपू उभारले, तेव्हां आग्र्याच्या कारखान्यांत सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखालीं युरोपी नमुन्याच्या तोफा व बंदुका तयार होऊं लागल्या. त्याच परंपरेंतील फौज २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईस वेलस्लीसमोर उभी राहिली. असई आज जालना जिल्ह्यांत आहे; इ. स. १९८१ पर्यंत तें औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक त्या दिवशीं मेले किंवा जखमी झाले. शिंद्यांचा पराभव झाला, परंतु तो त्यांच्या तोफखान्याच्या हलकेपणामुळें नव्हे.

सैल गोळी म्हणजे नेहमीं चूकच, असेंहि मात्र नाहीं. इंग्रजांच्या जुन्या बंदुकीचें भोंक सुमारें पाऊण इंच, आणि गोळी त्याहून इंचाच्या सोळाव्या हिश्शानें लहान असे. नळींत राख सांचली तरी गोळी झटपट भरतां यावी, म्हणून नेम सोडून त्यांनीं वेग पत्करला होता. इ. स. १८४९ मध्यें मिनिये या फ्रेंच अधिकाऱ्यानें हा पेंच सोडविला. त्याची लांबट गोळी भरतांना सैल असे, आणि बार होतांच तिचा पोकळ तळ फुगून नळींत घट्ट बसे. याच तत्त्वावर १८५३ ची एनफील्ड रायफल निघाली. तिचें भोंक ०.५७७ इंच, आणि गोळी ०.५६८ इंच. एवढ्या घट्ट गोळीच्या काडतुसास चरबी लावावी लागे. आणि त्या चरबीनें इ. स. १८५७ मध्यें केवढा भडका उडविला, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षींच्या जून महिन्यांत औरंगाबादेसहि हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्यांत बंडाळी झाली. तिचीं कारणें अनेक होतीं. तिची शिक्षा म्हणून कांहींना गोळ्या घालण्यांत आल्या आणि कांहींना तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. पुढें एनफील्डची गोळी ०.५५ इंचापर्यंत लहान करण्यांत आली, आणि ती भरणें सुलभ झालें.

इंचाच्या हजाराव्या हिश्शांचा हा हिशेब कागदावर क्षुल्लक दिसतो. त्याची किंमत मात्र तटावरील आणि रिसाल्यांतील माणसांनीं मोजली. देवगिरीवर मेंढा तोफ पाहतांना पिछाडीच्या सुबक मुखाबरोबरच तिच्या पुढच्या तोंडांतहि क्षणभर डोकावून पाहावें. तें पोकळ वर्तुळ ज्यानें कोरलें, आणि त्या मापाचा गोळा ज्यानें घडविला, त्या दोघांचें एकमत झाल्याखेरीज ती तोफ नुसतें धातूचें ओझेंच ठरली असती.