न हलण्याची किंमत : जिवंत पुतळ्यांचा इतिहास

१/ अंगाला चंदेरी रंग फासून भर रस्त्यात निश्चल उभा राहणारा माणूस आज युरोपातील अनेक शहरांत दिसतो. डब्यात नाणे पडते, पुतळा हलतो आणि मुले दचकून मागे सरतात. या कलेची एक वाट रस्त्यावरून नव्हे, तर दिवाणखान्यातून निघते. #धागा

२/ सन १७८७. नेपल्सच्या दरबारातील ब्रिटिश राजदूत सर विल्यम हॅमिल्टन यांच्या पाहुण्यांसमोर एमा नावाची तरुणी उभी राहते. ती एका लोहाराची मुलगी. शालीची घडी बदलताच ती कधी शोकाकुल निओबी होते, तर कधी उन्मत्त बॅकान्ती. प्रत्येक मुद्रेत ती क्षणभर गोठून जाते.

३/ हॅमिल्टन प्राचीन कलशांचे नामांकित संग्राहक होते. जवळच पॉम्पेईचे उत्खनन चालू होते. पुराणवस्तूंनी भारावलेल्या पाहुण्यांना कलशावरचे चित्र डोळ्यांदेखत श्वास घेताना दिसे. जर्मन महाकवी गटे यांनीही हा प्रयोग पाहिला आणि आपल्या इटलीच्या प्रवासवर्णनात त्याची प्रशंसा केली.

४/ पुढे हीच निश्चलता लंडनमध्ये कायद्याची अट बनली. १८४३ च्या कायद्यान्वये नाट्यप्रयोगांवर लॉर्ड चेंबरलेनचे नियंत्रण होते. १९३२ पासून सोहोतील विंडमिल थिएटरने रंगमंचावर विवस्त्र स्त्रिया उभ्या केल्या. मालकीणबाई लॉरा हेंडरसन आणि व्यवस्थापक व्हिव्हियन व्हॅन डॅम यांचा युक्तिवाद असा : संग्रहालयातील नग्न पुतळा अश्लील नसेल, तर निश्चल देह अश्लील कसा?

५/ युक्तिवाद मान्य झाला, मात्र एका अटीवर : हलायचे नाही. तोच देह स्थिर असेल तर कला आणि हलला तर गुन्हा! १९४० च्या बाँबवर्षावातही हे थिएटर चालू राहिले. १९६४ मध्ये ते बंद झाले; नाट्यपरिनिरीक्षण संपले ते त्यानंतर, १९६८ मध्ये.

६/ बार्सिलोनाच्या रांब्लावर मात्र हिशेब उलटला. येथे स्थिरता फुकट पाहता येते, पैसे मिळतात ते हालचालीचे. अशी स्थिरता सोपी नसते. दीर्घकाळ न हलता उभे राहिल्यास रक्त पायांत साचते, घेरी येते. म्हणून भार दोन्ही पायांवर तोलावा लागतो, गुडघे ताठ ठेवून चालत नाही, श्वासही छाती हलणार नाही इतका संथ घ्यावा लागतो.

७/ पुण्याच्या गणेशोत्सवातील जिवंत देखाव्यांत ध्वनिमुद्रित संवादांवर पात्रे अभिनय करतात. तेथील रंगत कथेची असते. रांब्लावर कथा नसते. समोरचा माणूस आहे की मूर्ती, या क्षणभराच्या संभ्रमातच सारे नवल असते.

८/ एमा पुढे लेडी हॅमिल्टन झाली, पण १८१५ मध्ये कॅले येथे दारिद्र्यात वारली. तिची निश्चलता यजमानाच्या दिवाणखान्याची शोभा होती. विंडमिलमधील स्त्रियांची कायद्याने बांधलेली. रस्त्यावरचा पुतळा केव्हा हलायचे हे स्वतः ठरवतो. कोठे उभे राहायचे, हे मात्र बार्सिलोनातही नगरपालिकेचा परवानाच ठरवतो.