गांडुळाची चतुःसीमा

जमिनीचे खरेदीखत लिहिताना मौजे, तालुका, जिल्हा आणि चारी दिशांच्या हद्दी नमूद झाल्यावाचून आपल्याकडचा जुना, जाणता कारकून दस्तऐवज पुरा झाला असे मानीत नसे; सजीवांना नावे देण्याचे व्रत घेतलेल्या विद्वानांनी मात्र, निदान गांडुळांच्या बाबतीत, ही दक्षता फार काळ बाळगली नाही, आणि त्या उणिवेपायी उष्ण कटिबंधात सर्वदूर पसरलेल्या एका गांडुळाची ओळख दीडशे वर्षांहून अधिक काळ संदिग्ध राहिली. नव्या जातीचे वर्णन म्हणजे तिच्या शरीराची मोजमापे, एवढाच अर्थ पुष्कळांच्या मनात असतो. परंतु ज्या मातीतून तो जीव उचलला तिचा पत्ता हा त्या वर्णनाचा निम्मा भाग होय, असे हा इतिहास पाहताना मला निःसंशय वाटते.

फ्रिट्झ म्यूलर हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ 1852 साली दक्षिण ब्राझीलमधील ब्लूमेनाऊ या नव्या वसाहतीत सहकुटुंब राहावयास गेला. वैद्यकाचा अभ्यास पुरा करूनही पदवीसाठी घ्यावयाच्या शपथेतील ख्रिस्ती शब्द उच्चारणे त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला रुचेना, म्हणून त्या पदवीवर आणि मायदेशातील स्थैर्यावर पाणी सोडून त्याने परक्या मुलखात जंगल तोडले आणि शेती केली. अशा माणसाच्या कुदळीखाली जे गांडूळ आले, त्याचे शेपटाकडचे राठ रोम जोड्यांच्या सरळ रांगा सोडून एकाआड एक विखुरलेले होते. त्यावरूनच 1857 साली एका जर्मन नियतकालिकात त्याने त्याला ‘लुंब्रिकस कोरेथ्रुरस’ हे नाव दिले. डार्विनने 1881 च्या आपल्या गांडुळांवरील ग्रंथात म्यूलरच्या ब्राझीलमधील निरीक्षणांचा आधार घेतला आहे, यावरून या माणसाच्या डोळ्यांवर त्याचा केवढा विश्वास होता ते दिसते. तथापि नव्या गांडुळाचे ते वर्णन त्रोटक होते, नेमके ठिकाण त्यात नव्हते, आणि ज्याच्यावरून ते लिहिले तो नमुना कोठल्याही संग्रहालयात उरला नाही. त्या काळी तसा दंडकही नव्हता. म्यूलरला दोष देणे अन्यायाचे होईल.

गांडुळाची जात ओळखण्यासाठी त्याचे पोट उघडावे लागते. पावसाळ्यात जमीन भिजली म्हणजे पूर्ण वाढीची, अंगावर जाड पट्टा चढलेली गांडुळे वर येतात, आणि अभ्यासकाला तीच हवी असतात, कारण पट्टा नसलेल्या पिलांवरून बहुधा निर्णय होत नाही. मंद मद्यार्कात गुंगवून, सरळ करून, फॉर्मॅलिनमध्ये घट्ट केलेले गांडूळ मेणाच्या ताटलीत पाण्याखाली टाचण्यांनी ताणून धरतात. पाठीवरची रक्तवाहिनी तुटू नये म्हणून मधल्या रेषेच्या किंचित बाजूने अगदी वरवर चीर देतात, आणि मग तोंडापासून एकेक वलय मोजीत कोणते इंद्रिय कितव्या वलयात आहे याची नोंद करीत जातात. म्यूलरच्या गांडुळात अन्न दळणारी पेषणी सहाव्या वलयात, चुन्याच्या ग्रंथींच्या तीन जोड्या सातव्यापासून नवव्यापर्यंत, आणि पट्टा साधारण पंधराव्या वलयापासून पुढे आढळतो. एका वलयाची मोजणी चुकली की सारा दाखलाच खोटा ठरतो; हे काम एकट्याने, न कंटाळता आणि प्रसिद्धीची अपेक्षा न ठेवता करावे लागते, म्हणूनच ते करणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

इकडे ते गांडूळ रोपांच्या मुळांशी चिकटलेल्या मातीतून देशोदेशी पोहोचत होते. जोडीदारावाचून अंडी घालण्याची शक्ती त्याला असल्याने एखादा कोषही नवी वसाहत स्थापण्यास पुरतो. जेथे जेथे ते सापडले तेथे तेथे ते नवे वाटले. श्मार्डा नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने 1861 साली जमेकाच्या नमुन्यावरून ‘पोंटोस्कोलेक्स’ हा वंश स्थापन केला, पॅरिसच्या पेरियेने 1872 साली त्याला ‘युरोकीटा’ म्हटले. अखेर हँबर्गच्या मिखाएल्सनने 1900 च्या आपल्या महाग्रंथात हा पसारा आवरून ‘पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस’ हे नाव रूढ केले.

ठिकाणाच्या नोंदीचा हाच प्रश्न हिंदुस्थानातही दिसतो. येथील गांडुळांचे एक आरंभीचे दप्तर मद्रास इलाख्यात उघडले गेले. प्रेसिडेन्सी कॉलेजातील आल्फ्रेड गिब्स बोर्न याने निलगिरी आणि शेवरॉयच्या डोंगरांत स्वतः हिंडून गांडुळे जमविली. लाहोरच्या सरकारी महाविद्यालयातील जॉन स्टीफन्सन याने पुढे 1923 साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत त्या काळापर्यंतची सारी माहिती एकत्र केली. पण त्याच्या कामाचा बराच भाग इतरांनी धाडलेल्या बरण्यांवर झाला, आणि बरणीवरची चिठ्ठी मोघम असली तर उत्तम चिरफाडही तिची भरपाई करू शकत नाही. ही अडचण रंगूनच्या जडसन कॉलेजात वर्षानुवर्षे राहिलेल्या गॉर्डन गेट्सला नव्हती. एकाच ठिकाणची पुष्कळ गांडुळे पाहून त्याने दाखविले की ज्यांची वीण जोडीदारावाचून होते त्यांची नर-इंद्रिये झिजत जातात, आणि केवळ तेवढ्यावर जात ठरविणे धोक्याचे असते. संकलकांचे उपकार मोठे आहेत हे खरे. तरी बोर्न आणि गेट्स यांच्यासारख्या स्वतः चिखलात उतरणाऱ्यांना मी अधिक मानतो.

संकलनाची आणि प्रत्यक्ष मातीत उतरण्याची, अशा या दोन्ही परंपरांची गाठ 2018–19 मध्ये पुन्हा म्यूलरच्या गांडुळाशी पडली. जनुकीय पृथक्करणावरून असे दिसून आले की ज्याला जग एक जात समजत होते त्या नावाखाली किमान चार वेगवेगळ्या जाती वावरत आहेत, आणि त्यांतील खरी ‘कोरेथ्रुरस’ कोणती हे सांगण्यास मूळ नमुनाच नाही. तेव्हा संशोधकांनी ब्लूमेनाऊला जाऊन म्यूलरच्या घराच्या बागेतील माती उकरली, तेथे मिळालेल्या गांडुळाचा जनुकीय क्रम काढला, आणि 2019 साली त्याच बागेतील नमुना मूळ नमुन्याच्या जागी रीतसर स्थापित केला. केरळातील रबराच्या मळ्यांत, आणि अशा कितीतरी मुलखांत, ‘कोरेथ्रुरस’ म्हणून नोंदलेली गांडुळे आता या एका नमुन्याशी ताडून पाहता येतात. ज्यांचा मेळ बसणार नाही त्यांची वर्णने नव्याने, आणि या खेपेस नेमक्या ठिकाणासह, लिहावी लागतील.