क्रोसिन, टायलेनॉल आणि व्हर्जिनियातला खटला

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या पार्टीनंतर मुक्कामी राहिलेला एक मित्र सकाळी डोकं धरून बसला होता. सर्दीचं औषध घेऊन झालं होतं, हातात दोन टायलेनॉल होत्या आणि 'आपली बरी लागू पडते' म्हणून देशातून आणलेली क्रोसिनही काढली होती. थांबवलं तर म्हणतो, "अरे, ही तिन्ही वेगळी औषधं आहेत!"

वेगळी कुठली? सर्दीच्या त्या बाटलीतही तेच होतं. पॅरा-अ‍ॅसिटिल-अमिनो-फिनॉल या एकाच लांबलचक नावातून ब्रिटिशांनी पॅरासिटामॉल काढलं, अमेरिकनांनी अ‍ॅसिटामिनोफेन. भारताने ब्रिटिशांचं नाव उचललं, म्हणून आपली ही फसगत.

हे औषध जर्मनीत फॉन मेरिंगने 1893 साली वापरून पाहिलं आणि दुष्परिणामांच्या शंकेने बाजूला पडलं. 1948 मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी त्याला पुन्हा वर काढलं. 1955 साली अमेरिकेत मुलांसाठी टायलेनॉल आलं. अतिमात्रेने यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याची नोंद ब्रिटनमध्ये 1966 साली झाली. कारण 1973 मध्ये उलगडलं: औषधाचा थोडा भाग यकृतात विषारी बनतो आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ ते विष मारतो.

दारूचा संबंध इथे येतो. नेहमी पिणाऱ्याच्या यकृतात हे विष बनवणारं एन्झाइम वाढलेलं असतं. दारू अंगात असेपर्यंत ते तिच्यातच गुंतलेलं असतं. ती उतरली की मोकळं होऊन औषधाकडे वळतं. म्हणजे 'आता उतरली, आता गोळी घ्यायला हरकत नाही' हा आपला हिशेब नेमका उलटा! त्यात जेवण झालेलं नसेल तर ग्लुटाथायोनही कमी.

राष्ट्राध्यक्ष बुश (थोरले) यांच्या एका माजी सहायकाला जेवणाबरोबर वाइन घ्यायची सवय होती. 1993 च्या फेब्रुवारीत त्यांनी फ्लूसाठी काही दिवस टायलेनॉल घेतलं, तेही नेहमीच्याच मात्रेत. यकृत गेलं, दुसरं बसवावं लागलं. कंपनीचं म्हणणं, दोष विषाणूचा. अलेक्झांड्रियाच्या ज्यूरीने ऑक्टोबर 1994 मध्ये 88 लाख डॉलर भरपाई ठरवली. 1995 मध्ये अपिलातही निकाल टिकला. 1998 साली एफडीएने सर्व वेदनाशामकांवर इशारा सक्तीचा केला: रोज तीन किंवा अधिक पेग घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनही त्यात आले, पण तिथे धोका पोटातल्या रक्तस्रावाचा. तेव्हा 'टायलेनॉल नको तर अ‍ॅडव्हिल घेतो' ही पळवाट नव्हे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्व्हरच्या चाचणीत मद्यासक्त रुग्णांना दोन दिवस रोज 4 ग्रॅम देऊनही यकृताला इजा दिसली नाही. पण तिथे मात्रा मोजून दिली होती. आमच्या मित्राचं मोजमाप तीन डब्यांत वाटलेलं होतं.

त्याला आधी पाणी आणि पोहे दिले. मग चष्मा लावून तो तिन्ही वेष्टनांवरची बारीक अक्षरं वाचत बसला.