ओलं फडकं आणि पेट्रोलची नळी

बऱ्हाणपुरात नळाचा इतिहास म्हटला की कुंडी भंडारा आठवतो. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालून उताराने शहराकडे आणलं गेलं. पंप नाही, फक्त वाट नीट आखलेली. ती आखणी आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. आज लिहायचंय ते अशाच एका वाटेबद्दल, पण ही वाट जुन्या मोटारीच्या बॉनेटखालून जाते. तिच्याकडे वारसा म्हणून कुणी बघत नाही.

इंदूर-इच्छापूर रस्त्यावरचं एक दृश्य आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या घरात, असीरगडाजवळचा चढ. रस्त्याच्या कडेला एखादी डुक्कर फियाट नाहीतर अ‍ॅम्बेसिडर, बॉनेट उघडं, आणि ड्रायव्हर पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवून उभा. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी सुरू. मिस्त्री म्हणायचे, "एअर पकडली." खरं तर ती हवा नसायची, पेट्रोलचीच वाफ असायची.

पेट्रोल हा एकच एक द्रव नाही. त्यातले हलके भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनच्या अंगालाच बसवलेला. म्हणजे पंप लांबून पेट्रोल ओढणार. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. मग पंपाचा डायफ्राम हलत राहतो, पण वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे सरकत नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो. फडक्यातलं पाणी उडताना पंपाची उष्णता घेऊन जातं, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. माठ जसा गार होतो, तसंच हे.

आता थोडा मोटारींचा इतिहास. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि मग पद्मिनी बाहेर पडली. इंजिन १०८९ सीसीचं. याच मापाचं फियाट इंजिन इटलीच्या सिसिटालिया २०२ या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. ती गाडी १९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने कलाकृती म्हणून प्रदर्शनात मांडली. तिचं बॉनेट दोन्ही बाजूंच्या मडगार्डपेक्षाही खाली आहे. दिसायला देखणंच, पण बॉनेट खाली आलं की गरम हवेला फिरायला जागा कमी. आपल्या फियाटमध्ये निदान हात घालून फडकं तरी ठेवता यायचं. स्पोर्ट्स कारमध्ये बोटाबोटाचा हिशोब. म्हणून नळी कुठून न्यायची, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून किती लांब ठेवायची, क्लिपा कुठे मारायच्या, इंजिन हलतं तेव्हा ती कशाला घासणार तर नाही, हे सगळं आधी ठरवावं लागे. १९५५ च्या एमजीए मध्ये तर पंपच विजेवर चालणारा आणि मागे, टाकीच्या बाजूला. तो ओढत नाही, ढकलतो. नळीत दाब राहतो, म्हणून वाफ सहसा धरत नाही.

मुद्दा असा की नळीचं प्रत्येक वळण हा एक निर्णय होता. जुन्या गाड्या नव्याने सजवताना पहिल्यांदा पुसला जातो तो हाच. मध्यंतरी मी एक गाडी बघितली. रंग असा की तोंड दिसावं. बॉनेट उघडलं तर मूळची धातूची नळी गायब, तिच्या जागी रबरी पाइप, सरळ रेषेत, मॅनिफोल्डपासून जेमतेम दोन बोटांवर. मालक म्हणाले, "शॉर्टकट काढला, पाइप कमी लागला." लांबचा वळसा कशासाठी होता, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. इथे नुसती गाडी बंद पडण्याची भीती नाही, आग लागण्याची आहे. त्यात २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, ते फुगतं, चिरतं, आणि थेंब नेमका गरम लोखंडावर पडतो.

इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्गबद्दल आपण बोलतो ते तिच्या रूपाबद्दल आणि ताकदीबद्दल. बॉनेटखालच्या गोष्टींचीही नोंद व्हायला हवी. शहरातले जुने मिस्त्री अजून आहेत, त्यांच्याजवळ बसून विचारायला हवं. आणि नळी गेली असली तरी चेसिसवर क्लिपांची भोकं असतात. कुंड्यांची रांग बघून खालचं पाणी कुठून जातं ते कळतं, तशी ही भोकं बघून नळीची वाट कळते. रंगाआधी ती वेल्डिंगने बुजवतात. त्याच्या आधी टेप लावून मापं घ्या, फोटो काढा.