टाइप ५५ : एका फिल्मचे पुनरुज्जीवन आणि लोकवर्गणीची मर्यादा

एखादी वस्तू बाजारातून नाहीशी होणे ही उद्योगांच्या इतिहासातील नित्याची घटना होय. परंतु नाहीशी झालेली वस्तू तिच्या वापरणाऱ्यांनीच आपसांत पैसा जमवून पुन्हा निर्माण करविल्याची उदाहरणे विरळा आहेत. अमेरिकेतील पोलरॉइड कंपनीची ‘टाइप ५५’ ही फिल्म आणि तिच्या पुनरुज्जीवनासाठी २०१४ साली झालेला प्रयत्न हे असे एक उदाहरण आहे. त्या प्रयत्नाला यश आले, आणि तरीही तो टिकला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा ठरल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम वस्तूचा परिचय करून घेणे इष्ट होईल. एडविन लँड यांनी २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन ऑप्टिकल सोसायटीपुढे तात्काळ छायाचित्रणाचे प्रात्यक्षिक करून दाखविले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्यांचा कॅमेरा बोस्टनमध्ये विक्रीस आला. या पद्धतीचे रसायनशास्त्रीय तत्त्व असे : प्रकाश पडलेले सिल्व्हर हॅलाइडचे कण निगेटिव्हमध्येच विकसित होऊन तेथेच राहतात. प्रकाश न पडलेले कण विरघळून समोरच्या कागदावर जातात आणि तेथे शुद्ध चांदीच्या रूपाने स्थिरावून पॉझिटिव्ह चित्र तयार करतात. त्यासाठी लागणारे दाट रसायन प्रत्येक पत्र्यासोबत एका लहानशा पुडीत बंद केलेले असते. पत्रा दोन रुळांमधून ओढला की पुडी फुटते आणि ते रसायन दोन्ही पृष्ठांमध्ये सारखे पसरते.

सामान्य तात्काळ फिल्ममध्ये चित्र हाती आले की निगेटिव्ह टाकून द्यावी लागे. १९६१ साली बाजारात आलेल्या टाइप ५५ चे वैशिष्ट्य हे की, ४×५ इंची कॅमेऱ्यासाठी असलेल्या या पत्र्यातून पॉझिटिव्ह चित्र आणि टिकाऊ निगेटिव्ह अशा दोन्ही वस्तू मिळत. निगेटिव्ह सोडियम सल्फाइटच्या द्रावणात स्वच्छ करून धुतली की तिच्यावरून हवे तेवढे मोठे मुद्रण काढता येई. छायाचित्रकाराला प्रकाशयोजना साधली की नाही हे जागीच कळे, आणि घरी नेण्यास उत्तम प्रतीची निगेटिव्हही हाती राही. ॲन्सेल ॲडम्स हे पोलरॉइडचे दीर्घकाळ सल्लागार होते. योसेमिटीमधील एल कॅपिटन या कड्याचे हिवाळ्यातील पहाटेचे १९६८ सालचे त्यांचे प्रसिद्ध छायाचित्र याच फिल्मवर घेतलेले आहे. तेव्हा ही फिल्म म्हणजे केवळ हौशी लोकांची सोय नव्हती. गंभीर कलावंतांचे ते साधन होते.

२००१ साली पोलरॉइडने दिवाळखोरी जाहीर केली. फेब्रुवारी २००८ मध्ये सर्व तात्काळ फिल्मचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील पोलरॉइडच्या कारखान्याची यंत्रे ‘इम्पॉसिबल प्रोजेक्ट’ या मंडळींनी विकत घेतली आणि २०१० साली नवी फिल्म विक्रीस आणली. यंत्रे वाचली तरी जुनी रसायने पुरविणारे कारखाने उरले नव्हते. त्यामुळे त्यांना फिल्मची रचना नव्याने सिद्ध करावी लागली. मात्र त्यांचा मुख्य भर लहान कॅमेऱ्यांच्या फिल्मवर होता. टाइप ५५ ची जागा रिकामीच राहिली.

ती जागा भरून काढण्याचे काम मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉब क्रौली यांनी हाती घेतले. या उपक्रमाचे नाव ‘न्यू५५’. प्रयोगांती असा पत्रा बनविता येतो हे त्यांना दाखविता आले. परंतु प्रयोगशाळेतील एक पत्रा आणि पेटीत भरून विकावयाचे हजारो पत्रे यांत मोठे अंतर असते. ते अंतर तोडण्यासाठी २०१४ साली त्यांनी ‘किकस्टार्टर’वर ४ लाख डॉलरचे आवाहन केले. २००९ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेचा नियम असा की, ठरलेल्या मुदतीत ठरलेली रक्कम पूर्ण झाली तरच पैसे घ्यावयाचे, अन्यथा कोणाकडूनही काहीच नाही. रक्कम पूर्ण झाली. फिल्म तयार झाली आणि छायाचित्रकारांच्या हाती पडली. परंतु २०१७ च्या अखेरीस न्यू५५ ने आपले काम बंद केले.

येथे शब्दांचा थोडा विचार करणे भाग आहे. लोकांनी दिलेल्या या पैशाला काय म्हणावे? ती देणगी नव्हे. कारण मोबदल्यात फिल्म मिळावयाची होती. ते भागभांडवलही नव्हे. कारण देणाऱ्याला कंपनीत हिस्सा मिळत नव्हता. तो विसार म्हणावा, तर विसार दिलेला माल अस्तित्वात असतो किंवा तो करून देणारा कारागीर आपल्या कामात मुरलेला असतो. येथे माल अजून व्हावयाचा होता. आपल्याकडील ‘वर्गणी’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. वर्गणीत स्वतःला काय मिळेल ही अपेक्षा गौण असते आणि कार्य सिद्धीस जावे ही मुख्य. मात्र वर्गणी ही मूलतः एकेका कार्यासाठी असते, आणि प्रस्तुत प्रश्नाचे मर्म नेमके येथेच आहे.

तुलनेसाठी एक जुने उदाहरण घेऊ. न्यूयॉर्क बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि १८८५ साली लाखाहून अधिक लोकांच्या लहानलहान रकमांतून १ लाख डॉलरहून अधिक निधी जमला. चौथरा एकदा उभा राहिला की वर्गणीचे काम संपले. फिल्मचे तसे नाही. फिल्म ही वापरून संपणारी वस्तू. ती आज तयार झाली तरी उद्या पुन्हा तयार व्हावी लागते. त्यासाठी निगेटिव्ह, ग्राहक-कागद, रसायनाची पुडी आणि ती जुळविणारे कसबी हात या सर्वांचा पुरवठा अखंड चालावा लागतो. पोलरॉइडच्या काळी या फिल्मचा भार विविध प्रकारच्या फिल्मच्या प्रचंड खपावर विभागलेला होता. न्यू५५ ला तो सारा भार एकाच वस्तूच्या मोजक्या ग्राहकांवर टाकावा लागला. साहजिकच पत्र्याची किंमत वाढली, आणि किंमत वाढली की मोजके ग्राहक अधिकच मोजके होतात.

यावरून हा प्रयत्न व्यर्थ होता असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. कंपनीच्या भिंतींआड राहिलेली एक कारागिरी बाहेरच्या माणसांनी पुन्हा हस्तगत केली आणि ती साध्य आहे हे सिद्ध केले, ही लहान गोष्ट नव्हे. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रसंग परिचित वाटतो. मावळत्या बोलीचा कोश एकदाच्या निधीतून तयार होऊ शकतो. परंतु बोली जिवंत राहते ती रोज बोलणाऱ्यांमुळे. कोश झाला म्हणून बोली वाचली असे होत नाही, आणि बोली वाचली नाही म्हणून कोश निरर्थक ठरत नाही. टाइप ५५ च्या बाबतीत वर्गणीने कोशाचे काम केले. रोजच्या बोलण्याचे काम वर्गणीकडून होण्याजोगे नव्हते. ते बाजाराकडून व्हावयास हवे होते, आणि तो बाजार तेवढा मोठा उरला नव्हता.