मोठा आवाज आणि कान

वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचें नांव दिलें आहे, त्या विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां आवाजाची मर्यादा गायकाच्या गळ्यापुरतीच होती. ध्वनिक्षेपकानें ती ओलांडली. १९३३ सालीं अमेरिकेंत फ्लेचर व मन्सन यांनीं दाखविलें कीं, आवाज लहान असतां खर्जाचे स्वर कानाला विशेष क्षीण वाटतात. म्हणून मोठ्या आवाजांत ध्वनिमिश्रण करणारा फसतो: तेथें घुमणारा डग्गा घरीं हलक्या आवाजांत हरवतो. शिवाय अमेरिकेंत कामगारांसाठीं सुचविलेली दैनिक मर्यादा ८५ डेसिबेलांस आठ तास, तर ८८ ला चारच तास आहे. त्यापलीकडे कानांतील रोमपेशी मरूं लागतात, आणि त्या पुन्हां उगवत नाहींत. तंबोऱ्याची तार तुटली तर नवी चढवितां येते. कानाची येत नाहीं.